बाबांच्या मानेवरचे केस

४ नोव्हेंबर

ती. ताईस,

शाळेत पत्रलेखनाच्या प्रश्नाला मला नेहमी पैकीच्या पैकी गुण मिळत. मायना, मजकूर, समारोप, सगळं जागच्या जागी. आज मायना लिहिला आणि पुढे तासभर काही सुचेना. तेव्हा लक्षात आलं, की त्या वेळी मी ज्यांना पत्रं लिहीत होते ती माणसं मुळात नव्हतीच. आणि रागावून घर सोडून गेलेली तर त्यांत एकही नव्हती.

फोन का केला नाहीस, असं विचारशील. एक तर तू उचलत नाहीस. दुसरं म्हणजे फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे: ‘हं’, ‘हो’, ‘बरं’, आणि मग आईच्या हातात फोन. तुझ्या सलूनचा पत्ता मावशीकडून मिळवला. मी लिहिते आहे हे घरात कोणालाही माहीत नाही.

गेल्या रविवारी आईचा पन्नासावा वाढदिवस झाला. केकवर बेकरीवाल्याने पन्नासचा आकडा एवढा मोठा काढला होता, की आई म्हणाली, “हा काय समोरच्या इमारतीतून वाचता यावा म्हणून?” बाबांनी तिच्या हातावर हात ठेवून सुरी धरली, ती घसरली आणि पाचाच्या पुढचं शून्य पार पुसलं गेलं. “घे, पाच वर्षांची झालीस,” बाबा म्हणाले. सगळे हसले. आई जरा उशिरा हसली.

सोबत फोटो पाठवते. त्यात माझ्या उजव्या कानावर पट्टी दिसेल. दाराची कडी लागली, काळजीचं कारण नाही. बाबांचे दोन्ही हात खिशात आहेत, कारण थंडी फार होती. त्यांचे केस बघून तू दचकशील. कॉलरच्या खाली आले आहेत. तू गेल्यापासून ते दोन आरशांच्या मध्ये उभे राहून स्वतःच मागचे केस कापायचे. रेघ कधी सरळ यायची नाही, पण कापायचे. गेले काही महिने तेही नाही. “थंडीला बरे असतात,” म्हणतात. गुरुजी (तेच, शनिवारी सकाळी दाढीला पहिल्या नंबरला येऊन बसणारे) भर दुकानात म्हणाले, “दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.” बाबा म्हणाले, “दिवा माझा, अंधारही माझा. तुम्ही मान सरळ ठेवा.”

दुसरी खुर्ची, जी तू मागितली होतीस, तिच्यावर अजून तुझ्याऐवजी ठेवलेला कारागीर, फवारा, काम करतो. नाव मी ठेवलं आहे. केस भिजवायच्या नावाखाली तो गिऱ्हाइकाला जवळजवळ आंघोळ घालतो. हात बरा आहे. स्वभाव तर फारच बरा आहे, त्यामुळे त्याचा राग करणं मला जमत नाही. तुझ्या वतीने थोडा करून पाहिला.

परीक्षेत मी पहिली आले. हे शेवटी लिहिते, कारण आधी लिहिलं असतं तर पत्र त्यासाठीच लिहिलं असं वाटलं असतं.

तुझी,
धाकटी

१९ नोव्हेंबर

ती. ताईस,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ: “कडी कोणत्या दाराची?”

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग आरशात कान पाहिला. तुझं बरोबर आहे. कोणत्याही दाराची कडी एवढ्या उंचीवर नसते, आणि असलीच तरी कानाच्या वरच्या कडेला अशी बारीक, सरळ चीर पाडत नाही. तू दहा वर्षांची असल्यापासून कात्री हातात धरते आहेस. तुला हे खोटं सांगायला गेले हा मूर्खपणा होता, आणि मुळात खोटं सांगितलं हा त्याहून वाईट प्रकार.

वाढदिवसाच्या सकाळी बाबांनी केस कापायचे, हा आपल्या घरचा नियम अजून चालू आहे. आईच्या आधी आठवडाभर माझा वाढदिवस असतो, हे विसरली नसशील. दुकान उघडायच्या आधी त्यांनी मला पहिल्या खुर्चीवर बसवलं, मानेभोवती कापड बांधलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, “काय प्रोफेसर, किती अक्कल उतरवायची?” मी म्हटलं, “दोन बोटं.” कात्री कानाजवळ आली तेव्हा तिचा आवाज वेगळा येत होता. तुला आठवतं ना, बाबांची कात्री कशी एका ठेक्यात चालायची? तो ठेका मध्येच अडखळत होता. मग कान एकदम गरम झाला.

त्यांनी तुरटी लावली, कापूस दाबला. कापूस धरलेला हात माझ्या गालावर थरथरत होता. मी पुढच्या आरशात पाहिलं, त्यांनी पाहिलं की मी पाहिलं. म्हणाले, “थंडीने होतं असं. बोटं आखडतात.” आणि मग, कापड झटकताना, “ताईला काही कळवायचं नाही. कबूल?” मी कबूल म्हणाले. मला वाटलं, तुझ्याशी कोणी बोलतच नाही तर कबूल होण्यात काय जातं.

आता ते वचन मोडलं आहे. मोडलंच आहे तर बाकीचंही लिहिते.

चहा ते हल्ली उंच पेल्यातून, अर्धाच घेतात. शर्टाची वरची बटणं आई लावून देते. “मला हौस आहे,” असं सांगत लावते. दोन शनिवारांपूर्वी गुरुजी हनुवटीवर कापूस चिकटवून दुकानाबाहेर पडले. पुढच्या शनिवारी आले ते सरळ फवाऱ्याच्या खुर्चीवर जाऊन बसले. “आज जरा घाई आहे,” म्हणाले. बाबा म्हणाले, “हो हो, बसा ना.” घाई असलेले गुरुजी नंतर पाऊण तास वर्तमानपत्र वाचत बसले, कारण लगेच उठून जाणं त्यांनाही जमेना.

बाबा आता केर काढतात, पाणी तापवतात, आणि फवाऱ्याचं काम झालं की मागून आरसा धरतात. आरसा धरायचं काम एकेकाळी माझं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तू बाबांचे केस कापायचीस, मी मागे आरसा धरून उभी असायचे, दुसऱ्या हातात पुस्तक. आरसा कलायचा आणि तू ओरडायचीस, “ए, मान दाखव, छत नको दाखवूस!”

डॉक्टरांकडे जायला ते तयार नाहीत. आई आग्रह करत नाही. मीही करत नाही. आम्ही तिघंही ‘थंडी फार आहे’ म्हणतो.

तुझी,
धाकटी

२ डिसेंबर

ताई,

आज मायना नीट लिहीत नाही.

गेल्या गुरुवारी बक्षीस समारंभ होता. मंचावर जायचं, सगळ्यांसमोर उभं राहायचं, फोटो निघणार. मला या गोष्टींची किती भीती वाटते हे तू जाणतेस. बाबांनी वाढदिवशी कापलेले केस एका बाजूला लांब आणि एका बाजूला आखूड राहिले होते. वेणीत ते लपत होते, पण मैत्रीण म्हणाली, मोकळे सोड, शोभतील. मोकळे सोडायचे तर सारखे करायला हवेत. घरात विचारायचं म्हणजे पहिल्या खुर्चीवर बसायचं. मी फवाऱ्याला सांगू शकले असते, पण बाबा तिथेच आरसा धरून उभे असते.

बुधवारी मी कॉलेजजवळच्या पार्लरमध्ये गेले.

एवढंच. लिहून पाहिलं की फार लहान दिसतं. जन्मापासून माझ्या डोक्याला बाबा आणि तू सोडून कोणाची कात्री लागली नव्हती. खुर्चीत बसल्यावर पार्लरवाली म्हणाली, “कुणी कापलेत हे? अगदीच काहीतरी केलंय.” आणि मी म्हणाले, “आमच्या गल्लीतल्या एकाने.”

हे वाक्य मी कोणालाही सांगितलेलं नाही. तुलाही सांगणार नव्हते.

घरी येताना डोक्याला रुमाल बांधला. जेवताना आई म्हणाली, “घरात काय रुमाल?” आणि काढला. बाबा समोर बसले होते. त्यांनी पाहिलं, गिऱ्हाईक उठल्यावर पाहायचे तसं, आधी डावीकडून, मग उजवीकडून. म्हणाले, “वळ बघू.” मी वळले. मग म्हणाले, “चांगले कापलेत. मागची रेघ अगदी सरळ आहे.” आणि भात कालवायला लागले. त्या आवाजात राग असता तर मला झोप लागली असती.

शुक्रवारी सकाळी त्यांनी आपली कात्री तेल लावून पुसली, पिवळ्या फडक्यात गुंडाळली आणि काचेच्या कपाटात वरच्या खणात ठेवून दिली. फवारा म्हणाला, “काका, धार लावायला द्यायची का?” बाबा म्हणाले, “नाही. झालं तिचं.”

गुरुजी खुर्ची बदलून बसले तेव्हा बाबांनी कात्री खाली ठेवली नाही. गिऱ्हाइकं कमी झाली तेव्हाही नाही. घरची दोन डोकी उरली होती, आईचं आणि माझं. त्यातलं एक मी काढून घेतलं.

समारंभाचे फोटो चांगले आले आहेत. ते पाठवत नाही.

१८ डिसेंबर

ती. ताईस,

तुझं उत्तर नाही. ते यावं अशी माझी लायकीही नाही, पण हे पत्र त्यावाचून लिहायलाच हवं, कारण यात एक तारीख आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून बाबा दुकान फवाऱ्याच्या हवाली करणार आहेत. दोन्ही खुर्च्या, आरसे, पाटी, सगळं. त्याला तसं सांगून झालं आहे. तो दोन दिवस गप्प होता, आणि तो गप्प असला की गिऱ्हाइकं त्याची तब्येत विचारतात. शेवटी आईला म्हणाला, “काकू, चावी घेतो मी, काकांचा शब्द आहे. पण एकटा दिवसभर कुणाशी भांडू? दुसऱ्या खुर्चीवर कुणीतरी पाहिजे ना.” आईने त्याला चहा दिला. माझ्याकडे मुद्दाम पाहिलं नाही. म्हणजे माझ्याकडेच पाहिलं.

आता काल, रविवारी काय झालं ते लिहिते.

आई-बाबांच्या लग्नाला या महिन्यात तीस वर्षं होतात. आईला स्टुडिओत जाऊन फोटो काढायचा आहे. तिने जाहीर केलं, “या अवतारातल्या माणसाशेजारी मी उभी राहणार नाही. लोक म्हणतील, पहिला नवरा कुठे गेला?” बाबा म्हणाले, फवारा रविवारी सुट्टीवर असतो. आई म्हणाली, “घरात कात्री धरणारं कोणी नाही का?” मग तिलाच आपलं वाक्य ऐकू आलं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

ताई, मला पेन्सिलला टोक नीट करता येत नाही. तरी मी हो म्हणाले. का, ते तू जाणतेस.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं उघडून आम्ही दोघंच आत गेलो. बाबा पहिल्या खुर्चीवर बसले. मी कापड बांधलं, फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारलं, ते त्यांच्या चष्म्यावरही गेलं. “अरे वा,” ते म्हणाले, “शिष्या तर त्याचीच दिसतेस.” कपाटातलं पिवळं फडकं मी न विचारता उघडलं. त्यांनी आरशातून पाहिलं.

“कंगवा आधी,” त्यांनी सांगितलं. “कंगव्यावर जेवढं येईल तेवढंच घ्यायचं. आणि कापताना डोळे मिटायचे नाहीत.”

“मिटत नाही मी.”

“आरशात दिसतंय मला. प्रोफेसर, हा निबंध नाही. एकेक केस खोडत बसलीस तर आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील.”

मी उजव्या कानामागून सुरुवात केली. त्यांचे हात कापडाखाली मांडीवर होते. कापड त्या जागी एकसारखं हलत होतं. मी तिकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होते आणि त्या प्रयत्नात कात्रीचं टोक त्यांच्या मानेत रुतलं. रक्त नाही आलं. पण ते आक्रसले आणि चटकन म्हणाले,

“तुझा हात जड आहे.”

तेच दुकान, तेच शब्द. तीन वर्षांपूर्वी ते तुला म्हणाले तेव्हा तू त्या दुसऱ्या खुर्चीमागे उभी होतीस आणि बाकावर गिऱ्हाइकं बसली होती. मी दारात होते. काल बाकावर कोणी नव्हतं, म्हणून ते शब्द कुठे जाऊन बसले नाहीत, खोलीतच राहिले. बाबांनाही ऐकू आले. त्यांनी चष्मा काढला; कापडाबाहेर आलेला हात थरथरत होता आणि या वेळी त्यांनी तो खिशात घातला नाही.

“तिचा नव्हता,” ते म्हणाले.

“कोणाचा?” मी विचारलं. मला माहीत होतं. तरी विचारलं.

“तिचा हात मानेवर आहे की उचललाय, कळायचं नाही मला. झोप लागायची.”

“मग तसं का म्हणालात?”

त्यांनी कापडाच्या टोकाने चष्मा पुसला. मी कंगवा धरून उभी होते.

“बाकावर तिघं बसले होते,” ते म्हणाले. “तिघंही म्हणाले, पोरीच्या हातून दाढी करून घ्यायची तर आम्ही दुसरीकडे जातो. त्यांना म्हणायला पाहिजे होतं, जा. ते म्हणायला जीभ रेटेना. तिला म्हटलं.”

रस्त्यावरून एक सायकल गेली. मी उगीचच कंगवा पुसला.

“हे लिहू नकोस तिला.”

“मी कुठे लिहिते, बाबा?”

“टपालपेटी दुकानासमोर आहे, प्रोफेसर.”

ताई, पहिल्या पत्रापासून त्यांना ठाऊक आहे. म्हणजे तुला कळवायचं नाही असं वचन घेतलेला माणूस काचेआडून मला ते मोडताना पाहत होता, आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्याबरोबर अर्धा पेला चहा घेत होता. पार्लरच्या गोष्टीबद्दल मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, “मागची रेघ सरळ होती, सांगितलं ना तेव्हाच. चांगल्या कामाला नावं ठेवू नयेत.” पार्लरमध्ये मी काय बोलले ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. सांगणारही नाही. ते तू एकटीने सांभाळ. मला माफ कर म्हणून नाही, कोणीतरी ठेवून घ्यायला हवं म्हणून.

उजवी बाजू झाली तेव्हा शटरखालून फवारा वाकून आत आला. त्याची टोपी राहिली होती. त्याने बाबांची मान पाहिली.

“काका, हे कुणी केलं? तक्रार नोंदवा.”

“घरचाच माणूस आहे,” बाबा म्हणाले.

“बसा तसेच. पाच मिनिटांत दोन्हीकडे सारखं करून देतो.”

“राहू दे.”

“अहो, पण उद्या लोक—”

“मफलर आहे माझ्याकडे. राहू दे म्हटलं ना.”

फवारा माझ्याकडे पाहत राहिला, मग त्याने टोपी घातली आणि जाता जाता दुसऱ्या खुर्चीवर पडलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे उचलून बाकावर ठेवले. कोणी सांगितलं नव्हतं.

आता मला एक कबूल करायचं आहे, आणि या पत्रांमधलं हे पहिलं काम आहे ज्याची मला लाज वाटत नाही, किंवा वाटते पण ती सोसवते. डावी बाजू मला कापता आली असती. वाईट कापली असती, पण उजवीही वाईटच कापली आहे. मी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, “बाबा, हात दुखतो.” त्यांनी आरशात माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी इतकं उघड खोटं बोलले नव्हते, आणि त्यांनी ते इतक्या मुकाट्याने घेतलं नव्हतं. “दुखणारच,” म्हणाले. “सवय नाही.” कात्री त्यांनी फडक्यात गुंडाळली नाही. आरशाखालच्या फळीवर तशीच ठेवली.

आईने पाहिलं तेव्हा ती आधी किंचाळली, मग हसली, मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, “फोटो पुढच्या रविवारी. तोवर यांनी मफलर काढायचा नाही.” स्टुडिओवाल्याला फोन करताना तिने चार माणसं सांगितली. मी बोटं दाखवून ‘तीन’ म्हटलं. तिने फोनवर हात ठेवला आणि म्हणाली, “पहिली आलीस ना तू? मग मोजायला शिक.”

तू यावंस असं मी लिहीत नाही. तो हक्क माझा नाही, आणि बाबांनी जे लिहू नकोस म्हटलं, ते तर मी वर सगळं लिहिलंच आहे. तुझ्या सलूनमध्ये तुला तुझी खुर्ची आहे, तुझी गिऱ्हाइकं आहेत, हे मला कळतं. बाबांचा हात बरा होणार नाही बहुतेक. डॉक्टरांकडे मंगळवारी जायचं ठरलं आहे, या वेळी मी हट्ट केला. मी फक्त वस्तुस्थिती कळवते: आपल्या वडिलांच्या मानेवरचे अर्धे केस कापलेले आहेत आणि अर्धे राहिले आहेत, आणि ते कोणाला हात लावू देत नाहीत.

हे पत्र पेटीत टाकताना ते काचेतून बघतील. बघू देत.

पुढच्या रविवारी सकाळी दुकान मी उघडेन. आरसाही मीच धरेन. पुस्तक घरी ठेवून येईन.

तुझी,
धाकटी